ड्राफ्ट, एनएफएल : महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीतील कल

एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघ दरवर्षी एप्रिलअखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंमधून आळीपाळीने आपापले खेळाडू निवडतात. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. तिचे अधिकृत नाव ‘वार्षिक खेळाडू निवड सभा’ असे आहे. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच त्या खेळाडूने वाटाघाटी करायच्या. सध्या ३२ संघ आणि सात फेऱ्या असून २०२५ साली ग्रीन बे येथे २५७ खेळाडू निवडले गेले. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अंदाजानुसार पात्र खेळाडूंपैकी सुमारे १.६ टक्के खेळाडूच निवडले जातात. ही यादी गुणवत्तेची उतरंड म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. निवडणाऱ्यांची नजर, स्पर्धेचे नियम आणि पगाराचा हिशेब यांचाही ठसा तिच्यावर तितकाच आहे, हे पुढील तपशिलावरून दिसेल.

उगम : पहिली निवड सभा ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात भरली. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. मूळ ठराव मे १९३५ मधला असून तो फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडला, इथवर मतभेद नाही. त्यांनी तो का मांडला, याबद्दल मात्र दोन परंपरा आहेत. पहिली खुद्द बेल यांच्या कथनावर आधारलेली आहे. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका या फुलबॅकसाठी (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) संघांची चढाओढ लागली, बेल यांनी आपली बोली चढवत नेली, तरी कोस्टका ब्रुकलिनला गेला. तेव्हा दुबळ्या संघांना जगवायचे तर चांगले खेळाडू वाटून घेतले पाहिजेत, असे त्यांना पटले. लीगच्या अधिकृत इतिहासात हीच कथा येते. दुसरे मत कामगार-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे. त्यांच्या मते समतोल हे सांगायचे कारण; खरा लाभ बोलीयुद्ध थांबून खेळाडूंचे पगार आटोक्यात राहण्याचा होता. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये, बेसबॉलचे उदाहरण घेऊन, खेळाडूवरचा हक्क कोणाकडेही असो, हक्कांची खरेदी-विक्री करता येत असेल तर तो खेळाडू शेवटी जिथे त्याची किंमत सर्वाधिक तिथेच पोहोचतो, असा युक्तिवाद केला. तो मान्य केल्यास समतोलाचा दावा बराच सैल पडतो.

कोस्टकाची कथा खोटी मानण्याचे कारण नाही, पण ती पुरेशीही नाही. कोस्टकावरील चढाओढ पैशाचीच होती, तेव्हा दोन्ही कारणे एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात. पुढील न्यायालयीन इतिहास दुसऱ्या मताकडे झुकतो. वॉशिंग्टन संघाने १९६८ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला जेम्स ‘याझू’ स्मिथ पहिल्याच हंगामात मानेच्या दुखापतीने कायमचा बाद झाला. खुल्या बाजारात आपल्याला अधिक संरक्षण देणारा करार मिळाला असता, असे म्हणून तो न्यायालयात गेला. १९७८ मध्ये अपील न्यायालयानेही तत्कालीन ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला. तोवर, १९७७ मध्ये, खेळाडू संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात ड्राफ्टचा समावेश झाला होता आणि पद्धत टिकली ती त्या कराराच्या आधारावर.

पहिल्या सभेतला पहिला खेळाडू शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. त्याच्या नावापुढील ‘पहिला’ हा शब्द बराच फसवा आहे, कारण तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. ईगल्सनी त्याचा हक्क शिकागो बेअर्सना दिला, पण बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलास यांच्याशी पैशाचे जुळले नाही. मागितलेल्या रकमेचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. निवडलेल्या नऊपैकी एकाही खेळाडूला ईगल्स करारबद्ध करू शकले नाहीत. त्या काळी संघांकडे खेळाडू हेरणारी माणसे नव्हती. सुमारे ९० नावे फळ्यावर लिहिलेली होती आणि ती प्रामुख्याने वर्तमानपत्रे व ओळखीपाळखी यांतून आलेली होती. ज्या विद्यापीठाच्या गावात वार्ताहर जास्त, त्याची नावे फळ्यावर जास्त. निवडीतला पहिला कल हाच म्हणावा लागेल.

वगळलेले : १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, पण यादी कोरीच राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा केनी वॉशिंग्टन १९३९ च्या हंगामात देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला गेला, तरी त्याचे नाव कोणी पुकारले नाही. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला करारबद्ध केले तेव्हा त्याच्या गुडघ्यांनी साथ सोडत आणली होती. ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू इंडियाना विद्यापीठाचा जॉर्ज टालियाफेरो (१९४९, १३वी फेरी). त्याच वर्षी १९व्या फेरीत डेट्रॉइटने घेतलेला वॉली ट्रिपलेट हा अशा रीतीने निवडून प्रत्यक्ष लीगमध्ये खेळलेला पहिला. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांतून आलेला पहिला खेळाडू, ग्रॅम्बलिंगचा पॉल ‘टँक’ यंगर, ड्राफ्टच्या बाहेरूनच रॅम्समध्ये शिरला.

या महाविद्यालयांकडे पाहण्याची दृष्टी साधारणपणे १९६०च्या दशकात बदलली. ग्रॅम्बलिंगचा बक बुकॅनन प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगच्या १९६३च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. पिट्सबर्ग स्टीलर्सनी बिल नन या कृष्णवर्णीय पत्रकाराला नोकरीस घेतले. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या वृत्तपत्रासाठी ते वर्षानुवर्षे या महाविद्यालयांचा सर्वोत्तम संघ निवडत आले होते, त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकांच्या घरचा चहा त्यांना ठाऊक होता. जॉन स्टॉलवर्थची हकीकत वारंवार सांगितली जाते. अलाबामा ए अँड एमच्या मैदानावर इतर संघांच्या हेरांनी त्याची धाव ओल्या जमिनीवर मोजली, वेळ सामान्य आली आणि मंडळी पुढच्या गावाला निघाली. नन बरे वाटत नाही असे सांगून मागे राहिले, दुसऱ्या दिवशी कोरडी जागा पाहून त्यांनी त्याला पुन्हा धावायला लावले आणि चांगली वेळ खिशात घालून परतले. तपशिलात थोडे मीठमसाला असेल. निकाल मात्र नोंदलेला आहे. १९७४च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ आणि पाचव्या फेरीत माइक वेब्स्टर घेतले. चौघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. त्याच वर्षी साऊथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल कोणीच निवडला नाही. तो स्टीलर्सकडेच आला आणि त्यालाही २०२०मध्ये तोच मान मिळाला.

पुढे दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दारे उघडली आणि जुन्या महाविद्यालयांचा ओघ आटला. वॉल्टर पेटन (जॅक्सन स्टेट, १९७५) आणि जेरी राइस (मिसिसिपी व्हॅली स्टेट, १९८५) पहिल्या फेरीत गेले खरे, पण २०२१ साली या गटातून एकही निवड झाली नाही. महासाथीमुळे त्यांचे आदल्या शरदातले सामनेच झाले नव्हते, हेही लक्षात घ्यावे. २०२२ मध्ये चार निवडी झाल्या.

फेऱ्यांचा हिशेब : जुन्या व नव्या निवडींची तुलना करताना फेरीचा क्रमांक वापरू नये. १९६७–७६ या काळात १७ फेऱ्या होत्या, १९७७ पासून १२, १९९३ मध्ये आठ आणि १९९४ पासून सात. बार्ट स्टार १९५६ मध्ये १७व्या फेरीत आणि टॉम ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला, असे वाचले की स्टार फारच दुर्लक्षित वाटतो. प्रत्यक्षात स्टारचा क्रमांक २००वा आणि ब्रेडीचा १९९वा. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षाला ४४२ खेळाडू निवडले जात. आता अडीचशेच्या आसपास. छोट्या महाविद्यालयांचा वाटा घटण्यामागे ही काटछाटही आहे, कारण धोका पत्करून कुणाचे नाव घ्यायचे ते शेवटच्या फेऱ्यांतच. ती नावे आता ड्राफ्ट संपल्यावर थेट करारबद्ध होतात आणि आकडेवारीतून निसटतात.

मोजमाप : पूर्णवेळ हेर ठेवण्याचा पायंडा दुसऱ्या महायुद्धानंतर रॅम्सच्या एडी कोटल यांच्यापासून पडला, असे सामान्यतः मानतात. १९६०च्या दशकारंभी डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम यांनी हे काम संगणकावर नेले. त्यासाठी नेमलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी हे भारतातून गेलेले. त्यांना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकन फुटबॉल नव्हे. हेरांच्या अहवालात ‘जबरदस्त’, ‘बरा’ अशी विशेषणे असत. कुरेशींनी ती काढून प्रत्येक गुणाला आकडा द्यायला लावला. चारित्र्य, चपळता व शरीरावरील ताबा, जिद्द, बौद्धिक तल्लखी, ताकद हे त्यांतले मुख्य गुण. चारित्र्याला आकडा द्यायचा तो कसा, हा प्रश्न तेव्हाही होता.

१९८२ मध्ये टँपा येथे अनेक संघांनी मिळून खेळाडूंची एकत्र तपासणी सुरू केली. १९८७ पासून ती इंडियानापोलिसला होते. ४० यार्ड (३६.६ मीटर) धाव, उभी उडी, पाठीवर झोपून १०२ किलोचा दांडा किती वेळा उचलतो याची मोजणी, आणि २०२२ पर्यंत वंडरलिक ही बुद्धिचाचणी. क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) पंजाही मोजतात : टेबलावर हात ताणून ठेवायचा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत अंतर घ्यायचे, म्हणजे आपली वीत. २०२२ मध्ये केनी पिकेटची वीत साडेआठ इंच भरली आणि त्यावर आठवडाभर चर्चा झाली. तरी तो विसावा निवडला गेला. उंचीबाबतचा आग्रह अलीकडे ढिला झाला आहे. सहा फूट उंचीचा ड्रू ब्रीझ २००१ मध्ये दुसऱ्या फेरीत घसरला, त्याहून बुटका रसेल विल्सन २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत. पण जेमतेम पाच फूट दहा इंचांचे कायलर मरे (२०१९) आणि ब्राइस यंग (२०२३) पहिल्या क्रमांकाने गेले. मधल्या काळात खेळाडूंची वीत-उंची बदलली नाही, पासिंगची शैली बदलली.

स्थानानुसार कल : १९७८ च्या नियमबदलांनी बचावपटूंनी चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला धक्के देण्यावर मर्यादा आणली आणि चेंडू फेकणे किफायतशीर झाले. तेव्हापासून यादीचा गुरुत्वमध्य धावणाऱ्याकडून फेकणाऱ्याकडे सरकत गेला. २००१ ते २०२५ या २५ ड्राफ्टपैकी १९ वेळा पहिला खेळाडू क्वार्टरबॅक होता. २०२४ मध्ये पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक होते आणि पहिल्या चौदांत बचावाचा एकही खेळाडू नव्हता. फेकणाऱ्याभोवतीची स्थानेही वधारली : त्याचे रक्षण करणारा टॅकल, त्याच्यावर धावून जाणारा एज रशर, चेंडू झेलणारा रिसीव्हर व त्याला रोखणारा कॉर्नरबॅक. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकची घसरण तितकीच ठळक आहे. पहिल्या क्रमांकाने गेलेला शेवटचा रनिंग बॅक म्हणजे १९९५ चा की-जाना कार्टर. २००५ मध्ये पहिल्या पाचांत तीन रनिंग बॅक होते. २०१३, २०१४, २०२२ आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीत एकही नाही. मात्र २०२३ मध्ये बिजन रॉबिन्सन आठवा आणि २०२५ मध्ये ॲश्टन जेंटी सहावा गेल्याने ही घसरण थांबली की काय, अशी चर्चा आहे. दोन-तीन वर्षांवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

या कलामागे पगाराची बाजू आहे. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा होता. २०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांचे वेतन बांधून दिल्यावर कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळण्याचा हा एकच मार्ग उरला, आणि संघ त्याच्या मागे लागले. रिचर्ड थेलर व केड मॅसी यांच्या सुप्रसिद्ध अभ्यासात वरच्या निवडींना वाजवीपेक्षा जास्त किंमत दिली जाते आणि सर्वाधिक फायदेशीर निवडी दुसऱ्या फेरीच्या आसपास असतात, असे आढळले. एकाच स्थानाच्या लागोपाठच्या दोन निवडींपैकी आधीचा सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के दिसले, म्हणजे छापा-काट्याहून जरासे बरे. ही आकडेवारी २०११ पूर्वीच्या वेतनावर आधारलेली असल्याने किमतीविषयीचा निष्कर्ष आज जसाच्या तसा लावता येत नाही. नजरेच्या मर्यादेविषयीचा लावता येतो.

विद्यापीठे : एकूण संख्येत नोत्र दाम, सदर्न कॅलिफोर्निया आणि ओहायो स्टेट ही जुनी घराणी आघाडीवर आहेत. २००७ पासून मात्र दरवर्षी सर्वाधिक खेळाडू आग्नेयेकडील विद्यापीठांच्या एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) या गटातून येतात. २०२५ मध्ये ही संख्या ७९ होती. सात फेऱ्यांच्या काळात एका विद्यापीठाचा उच्चांक जॉर्जियाचा, २०२२ मधील १५ खेळाडूंचा. या आकड्यांतून ‘कोणते विद्यापीठ खेळाडू घडवते’ असा निष्कर्ष काढतात, त्याला आता आधार उरलेला नाही. विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यापासून श्रेय शेवटच्या पत्त्याच्या खात्यात जमा होते. जो बरो ओहायो स्टेटमधून लुइझियानाला गेला, केलेब विल्यम्स ओक्लाहोमातून सदर्न कॅलिफोर्नियाला, आणि २०२५ चा पहिला खेळाडू कॅम वॉर्ड इनकार्नेट वर्ड व वॉशिंग्टन स्टेट अशी दोन विद्यापीठे करून मायामीला. यादीत त्याच्यापुढे फक्त मायामी आहे.

पात्रता : शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झालेल्या खेळाडूला १९९० पासून पदवीआधी ड्राफ्टमध्ये उतरता येते. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने या अटीला आव्हान दिले. २००४ मध्ये अपील न्यायालयाने, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. सोनिया सोटोमायोर यांच्या निकालपत्राद्वारे, लीगची बाजू उचलून धरली. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येतात. त्यानंतर लवकर उतरणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली, विशेषतः मधल्या फेऱ्यांत जाणाऱ्यांची : तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या पगारापेक्षा आणखी एक वर्ष महाविद्यालयात राहणे काहींना परवडू लागले. परिणामी निवडले जाणारे खेळाडू वयाने थोडे मोठे दिसतात.

चेंडू पायाने मारणारे किकर व पंटर सहसा उशिरा निवडले जातात. रे गाय (१९७३) आणि सेबॅस्टियन यानिकोव्स्की (२०००) हे पहिल्या फेरीतल्या अपवादांपैकी. टँपा बेने २०१६ मध्ये रॉबर्टो अग्वायो या किकरला दुसऱ्या फेरीत घेतले. पुढच्या हंगामाआधीच त्याला सोडून दिले.