हाडांच्या गोळीने जबडा सडतो का?

"हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती गोळी जबडा सडवते, दात काढायचा तर आधी ती बंद करा," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती अगदीच निराधार नाही. दात काढलेली जागा भरत नाही, हिरडीतून पिवळट हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडं राहतं, असे रुग्ण २००३ पासून नोंदले गेले आहेत.

पण डोस बघा. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (याच जातीचं, पण शिरेतून द्यायचं औषध) ४ मिलिग्रॅम, दर ३-४ आठवड्यांनी देतात. ठिसूळपणासाठी ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदाच. पहिल्या गटात हा त्रास शंभरात काही जणांना होतो, दुसऱ्यात दहा हजारांत मोजक्यांना. आजीची आठवड्याला एक, ७० मिलिग्रॅमची अ‍ॅलेन्ड्रोनेट गोळी याच दुसऱ्या गटातली. स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचा.

आणि परस्पर बंद करणं? अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, चार दिवस सोडून काही साधत नाही. ठिसूळपणावरच्याच डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचं सहामाही इंजेक्शन चुकलं तर मात्र मणके मोडू शकतात. मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

औषध सुरू होण्याआधी किडके दात दाखवून घ्या, टोचणारी कवळी नीट करून घ्या. आधीच सुरू असेल तर डेंटिस्टला न विसरता सांगा.