पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांची अडचणही बराच काळ हीच होती. गरिबीत वाढलेली मुलं शाळेत मागे पडतात, त्यांना मानसिक त्रास जास्त होतो, हे आकड्यांत केव्हाच दिसलं होतं. पण हा परिणाम गरिबीचा, की ज्या कारणांनी कुटुंब गरीब राहिलं त्याच कारणांचा? याचा निकाल लावायचा तर काही घरांत अचानक पैसा यायला हवा, आणि तोही कुणाच्या कर्तबगारीशिवाय.

असा योग एकदा जुळून आला. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 9, 11 आणि 13 वर्षांच्या 1,420 मुलांचा अभ्यास सुरू केला. विषय होता मुलांचं मानसिक आरोग्य. यातली सुमारे पाव मुलं चेरोकी या मूळ अमेरिकी आदिवासी जमातीची होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या राखीव प्रदेशात कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. 2001 पर्यंत ही रक्कम वर्षाला माणशी सुमारे 6,000 डॉलर झाली. काम करा, करू नका, वाटा सारखाच. जुगाराच्या पैशातून विज्ञानाला इतका स्वच्छ पुरावा मिळावा, ही गंमतच.

2003 मध्ये निष्कर्ष आले. जी कुटुंबं दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्या मुलांमधली आक्रमकता, चोऱ्यामाऱ्या, सततचा उर्मटपणा अशी लक्षणं चार वर्षांत इतकी कमी झाली की कधीच गरीब नसलेल्या मुलांत आणि त्यांच्यात फरक उरला नाही. चिंता आणि नैराश्य मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. म्हणजे पैसा सगळ्यावर सारखा चालला नाही. कुठे चालला आणि का, हे शोधताना संशोधकांनी बऱ्याच शक्यता तपासल्या. त्यातून जी टिकली ती साधी होती: आईवडिलांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळू लागला होता.

मला हा सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. गरिबी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर न मिळालेल्या वस्तू येतात: पुस्तकं, दूध, औषधं. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण गरिबीचा बराचसा मारा मुलापर्यंत मोठ्या माणसांमार्फत पोहोचतो. 1980 च्या दशकात आयोवा राज्यातली शेती कर्जात बुडाली, तेव्हा रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी तिथल्या किशोरवयीन मुलांच्या घरांत हा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला. आधी पैशाची ओढाताण, मग आईवडिलांचं खचणं, मग त्यांच्यातली भांडणं, आणि शेवटी मुलांवर निघणारा राग. कर्जाचा आकडा मुलाला ठाऊक नसतो, पण वडिलांचा चढलेला आवाज त्याला ऐकू येतो. घरात सगळं ठीक असल्याचं सोंग तेरा वर्षांच्या मुलापुढे फार दिवस टिकत नाही.

यात आईबापांच्या स्वभावाला दोष देण्याची घाई नको. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, त्यांनी तर्काची आणि एकाग्रतेची कोडी जेवढी सोडवली, त्यापेक्षा पैसे हातात आल्यावर त्याच माणसांनी जास्त चांगली सोडवली. विवंचना डोक्यातली जागा अडवते, ती अशी.

मेंदूच्या प्रतिमांमध्येही उत्पन्नाची छाया दिसते. 2015 मध्ये किंबर्ली नोबल यांच्या गटाने 3 ते 20 वर्षांच्या 1,099 जणांच्या मेंदूचं बाह्यपटल मोजलं. उत्पन्नाबरोबर त्याचं क्षेत्रफळ वाढताना दिसलं, आणि सर्वांत गरीब घरांमध्ये उत्पन्नातला थोडासा फरकही मोठा ठरत होता. अर्थात ही सरासरी आहे. एका मुलाची प्रतिमा पाहून त्याच्या घरची परिस्थिती सांगता येत नाही, आणि कार्यकारणभावही यातून सिद्ध होत नाही. त्यापुढचा प्रश्न धोरणाचा: हा फरक अटळ आहे का? 2023 मध्ये अमेरिकेतल्या 17 राज्यांतल्या 9 ते 11 वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांची तुलना झाली. जगणं महाग असूनही जिथे गरीब कुटुंबांना सरकारी मदत सढळ होती, तिथे गरीब आणि सधन मुलांच्या हिप्पोकॅम्पसमधली, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भागातली, तफावत कमी आढळली.

इथवर वाचून ‘पैसे द्या, मेंदू वाढेल’ असं कुणाला वाटलं, तर पुढची गोष्ट ऐकावी. 2018-19 मध्ये अमेरिकेतल्या चार महानगर क्षेत्रांत 1,000 गरीब बाळंतिणींची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला महिन्याला 333 डॉलर, दुसऱ्याला 20. बाळं वर्षाची झाली तेव्हा पहिल्या गटात जलद मेंदूलहरी, ज्यांचा संबंध पुढच्या भाषा-विचारक्षमतेशी जोडला जातो, जास्त दिसल्या आणि 2022 मध्ये त्याचा बराच गाजावाजा झाला. मुलं चार वर्षांची झाल्यावर मात्र भाषा, वर्तन किंवा मेंदूलहरी यांत दोन गटांमध्ये ठोस फरक सापडला नाही. मधल्या काळात महासाथ आली, सरकारने सगळ्यांनाच मदत वाटली. रक्कमही चेरोकींच्या वाट्यापेक्षा लहान होती. कारणं सुचतात, पण निकाल निकालच.

आयांच्या बाळंतपणाच्या रजेचंही असंच. नॉर्वेने 1977 मध्ये आयांना चार महिने भरपगारी रजा दिली, तेव्हा पुढे त्या मुलांचं शाळा सोडण्याचं प्रमाण घटलं. नंतर रजा आणखी वाढवली, त्याचा मुलांच्या शिक्षणावर तसा परिणाम दिसला नाही. पहिल्या घासाने जे होतं ते दहाव्याने होत नाही.

चेरोकी मुलांचं पुढे काय झालं? सर्वांत गरीब घरांत वर्षाला सुमारे 4,000 डॉलर जास्त आल्यावर एकविसाव्या वर्षी मुलांचं शिक्षण साधारण एक वर्षाने वाढलेलं होतं, आणि सोळा-सतराव्या वर्षी किरकोळ गुन्ह्याची शक्यता 22 टक्क्यांनी घटली होती. शिक्षणाच्या आकड्यात एक मेख आहे. मुलांचा स्वतःचा वाटा त्यांच्या नावे राखून ठेवला जाई आणि शालेय शिक्षण पुरं केलं तर अठराव्या वर्षी, नाहीतर एकविसाव्या वर्षी हाती पडे. शाळा पुरी करायला हे आमिष होतंच. गुन्ह्यांतली घट मात्र त्याआधीची आहे, स्वतःच्या वाट्यातला एक डॉलरही मुलांच्या हाती पडलेला नसतानाची. तोवर पैसे मिळत होते ते फक्त आईवडिलांना.