ओल इथे, गळती कुठे?

खालच्या घराच्या छतावर पिवळट डाग उमटला की वरच्या घरात फरशा फोडायची भाषा सुरू होते. डागाच्या बरोबर वर जे असेल, बहुधा कमोड, तेच दोषी ठरतं. पण फोडाफोडीआधी दोन-तीन दिवस नीट निरीक्षणाला द्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. पाणी कुठून येतंय हे ते स्वतःच बऱ्यापैकी सांगतं. फक्त त्याला योग्य प्रश्न विचारावे लागतात.

डागाच्या जागेवर विश्वास का ठेवू नये? आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये संडास-बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा सुमारे फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागातून पाइप जातात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव असतो, त्यावर फरशी. गळलेलं पाणी आधी या सच्छिद्र भरावात मुरतं. तो भिजला की पाणी उताराने सरकतं आणि स्लॅबला जिथे बारीक भेग असेल किंवा पाइप आरपार गेला असेल, तिथून खाली उतरतं. म्हणजे गळती एका कोपऱ्यात आणि थेंब दुसऱ्या, असं सहज होतं. शिवाय गळती बंद केल्यावरही भरावात साठलेलं पाणी पुढे कित्येक दिवस ठिबकत राहतं. छताला पांढरे थर किंवा लहान लोंबते सुळके दिसले, तर पाणी बऱ्याच काळापासून काँक्रीटमधून झिरपतंय असं समजावं. सिमेंटमधला विरघळलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनतो, त्याचे ते थर असतात.

म्हणून ‘कुठे’च्या आधी ‘केव्हा’ हा प्रश्न विचारायचा. संडासात दोन प्रकारचं पाणी असतं. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीमुळे चोवीस तास दाबाखाली असतं. दर १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोग्रॅम इतका हा दाब असतो, त्यामुळे तळमजल्यावर तो सर्वांत जास्त. सांडपाण्याच्या पाइपमध्ये मात्र आपण वापर करू तेवढा वेळच पाणी वाहतं, तेही नुसत्या उताराने. त्यामुळे नळाची लाइन फुटली असेल तर थेंब रात्रंदिवस पडतो, घर कुलूपबंद असतानाही. सांडपाण्याचा सांधा गळत असेल तर सकाळच्या गर्दीनंतर ठिबकणं वाढतं आणि घरचे गावाला गेले की हळूहळू थांबतं. खालच्या शेजाऱ्यांनी ठिबकण्याच्या वेळा लिहून ठेवल्या, तर अर्धा तपास तिथेच होतो.

आता फ्लश टँक. इथली सगळ्यात फसवी गळती छतावर दिसतच नाही. टाकीच्या तळाचं रबरी सील नीट बसत नसेल तर पाणी आवाज न करता कमोडमध्ये उतरतं आणि वाहून जातं. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी पाणी असं गेलं, तरी दिवसाला १४४ लिटर होतात. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं पाणीपुरवठ्याच्या नियोजनात धरलं जातं. म्हणजे घरात एक अदृश्य माणूस वाढला! बोअरवेलचं जड पाणी असेल तिथे सीलवर क्षारांचा थर बसतो आणि हा प्रकार लवकर सुरू होतो.

तपासणी सोपी आहे. टाकीत खाण्याचा गडद रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. कमोडच्या पाण्यात रंग उतरला तर पाणी टाकीतूनच येतंय. मग अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करायची. तासाभरात पातळी खाली गेली तर बहुधा सील खराब आहे. पातळी तशीच राहिली आणि कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या) नळीत पडू लागलं, तर फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरल्यावर पाणी थांबवणारी तरंगत्या गोळ्याची झडप, बंद होत नाहीये.

रंगाची ही युक्ती भूशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी इमेन्डिंगेनजवळ चुनखडकात गडप होतं. ते जातं कुठे, हे शोधण्यासाठी १८७७ मध्ये भूशास्त्रज्ञ अडॉल्फ क्नॉप यांनी तिथे १० किलो फ्लुओरेसीन हा रंग सोडला. सुमारे ६० तासांनी बारा-एक किलोमीटरवरचा आख नावाचा झरा चमकदार हिरवा झाला. या झऱ्याचं पाणी पुढे ऱ्हाइन नदीला मिळतं. डॅन्यूबचं पाणी जमिनीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जातंय, हे असं सिद्ध झालं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो करायला डोंगर खोदावा लागला नाही.

कमोडच्या बुडाशी पाणी दिसत असेल तर जागा पुसून कोरडी करा, भोवती टिश्यू पेपर ठेवा, कमोडमध्ये रंग टाकून फ्लश करा. कागदावर रंग आला तर कमोड आणि पाइपमधला सांधा सुटलाय. बिनरंगी पाणी आलं तर टाकीचे बोल्ट, अँगल कॉक आणि विशेषतः जेट स्प्रेची नळी बघा, कारण वापर नसतानाही ती दाबाखालीच असते. थंड देशांत राहणाऱ्यांनी आणखी एक शक्यता तपासावी. तिथे नळाचं पाणी इतकं गार असतं की दमट उन्हाळ्यात टाकीच्या बाहेरच्या बाजूवर हवेतल्या वाफेचं पाणी होऊन टपकतं. आतलं पाणी रंगीत आणि बाहेरचे थेंब स्वच्छ असतील, तर ती गळती नव्हेच.

कमोडमधली पाण्याची पातळी रात्रभरात आपोआप उतरत असेल तर ट्रॅपला, म्हणजे पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या कमोडच्या वळणदार भागाला, तडा असू शकतो. कधी ट्रॅपच्या वळणावर कापडाची चिंधी किंवा केसांचा गुंता अडकतो आणि केशाकर्षणाने पाणी पलीकडे ओढून घेतो. पाण्याचा अडसर गेला की दुर्गंधी घरात येते.

हे सगळं ठीक निघालं तर उरते फरशी. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या निचऱ्याचं, तोंड घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ तास साठवायचं आणि खाली लक्ष ठेवायचं. इथे रंगावर फार भिस्त ठेवू नका. भरावातून जाताना खाण्याचा रंग विरतो, त्यामुळे खाली तो दिसला नाही म्हणून वरची फरशी निर्दोष ठरत नाही. खालच्या थेंबांचा वेग वाढला का, हेच बघायचं.

दुरुस्तीनंतर खालच्या छताला लगेच रंग लावू नये. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. भराव वाळायला काही आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात ओल रेघेच्या आत सरकत गेली तर काम झालं, बाहेर आली तर पुन्हा ठिबकण्याच्या वेळा लिहायला घ्या.