ट्यूनाच्या पिल्लांचे पोषण

अंड्यातून बाहेर पडलेला ट्यूनाचा डिंभ (माशाचे अगदी सुरुवातीचे, अळीसारखे रूप) मत्स्यबीज केंद्रात बोटुकली (बोटाएवढे पिल्लू) होऊन समुद्रातील पिंजऱ्यात जाईपर्यंतच्या आहाराचा हा विषय आहे. जपानच्या किंदाई विद्यापीठाने २००२ मध्ये पॅसिफिक ब्ल्यूफिन ट्यूनाचे जीवनचक्र बंदिस्त अवस्थेत पूर्ण केले. तरीही पहिल्या महिन्यात मोठी मर होते आणि तिच्या कारणांत आहार ठळक आहे.

डिंभ जन्मतः सुमारे ३ मिमी लांब असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडले की रोटिफर हे सूक्ष्म जलजीव द्यावे लागतात. रोटिफर पचायला सोपे, पण त्यांत डीएचए हे मेदाम्ल आणि टॉरिन हे अमिनो आम्लासारखे पोषकद्रव्य फारच कमी. म्हणून खाऊ घालण्यापूर्वी त्यांना काही तास समृद्धी-द्रावणात ठेवतात. टाकीत उपाशी राहिलेले रोटिफर हे पोषण झपाट्याने गमावतात, त्यामुळे पाण्यात सूक्ष्म शैवाल राखणे आवश्यक असते. सकाळी थोडे डिंभ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आतडे भरलेले आहे की नाही ते लगेच कळते.

ट्यूना नजरेने शिकार करतो, आणि डोळ्याचा पडदा व मेंदू घडायला डीएचए लागतेच. ते नुसते पुरेसे असून चालत नाही, कोणत्या मेदातून मिळते हेही महत्त्वाचे. डिंभांना फॉस्फोलिपिड हा फॉस्फरसयुक्त मेद स्वतः पुरेसा बनवता येत नाही. तो आहारातून न मिळाल्यास शोषलेली चरबी पुढे जात नाही आणि आतड्याच्या पेशींत थेंबांच्या रूपाने साचते. डीएचए लवकर खवट होत असल्याने सोबत ई आणि क जीवनसत्त्व हवे. टॉरिन पित्तक्षार बनण्यासाठी लागते, म्हणजे चरबीचे पचनही त्यावर अवलंबून आहे.

खरी अडचण आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या बारीक जीवापाशी येते. बहुतेक सागरी माशांना चालणारे हे खाद्य ट्यूनाला पुरत नाही. आर्टेमिया शरीरातील डीएचएचे उलट ईपीए या दुसऱ्या मेदाम्लात रूपांतर करतो, म्हणून समृद्ध करूनही फायदा टिकत नाही आणि डिंभ खुरटतात. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवाच्या अळ्या याहून सरस, पण त्या मोठ्या प्रमाणावर वाढवणे कठीण.

ट्यूनाचे जठर लवकर विकसित होते आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो मासे खाऊ लागतो. तेव्हा इतर माशांचे नुकतेच उबवलेले डिंभ रोज द्यावे लागतात. दुसऱ्या माशाची अंडी ठरल्या दिवशी मिळाली नाहीत तर मोठे डिंभ लहानांना गिळू लागतात. त्वचा नाजूक असल्याने हाताळून प्रतवारी करणेही धोक्याचे. त्यामुळे या दुसऱ्या माशाच्या अंड्यांचा पुरवठा आधी पक्का करावा, मगच ट्यूनाची अंडी टाकीत घ्यावीत.

पुढे चिरलेल्या माशांवरून कृत्रिम खाद्याकडे वळवतात. साधे मत्स्यपीठ पिल्लांना नीट पचत नाही. विकरांनी (एन्झाइमांनी) आधी पचवलेले मत्स्यपीठ वापरल्यास ती वाढतात. खाद्यात सुमारे ६० टक्के प्रथिने लागतात. सतत कच्चे मासे दिल्यास काही जातींतील थायमिनेज हे विकर बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते, शिवाय चुऱ्याने पाणी बिघडते.

रात्री तळाशी जाऊन मरणाऱ्या डिंभांबाबत मात्र आधी वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) फुगले होते का ते तपासावे. तो बिघाड खाद्य बदलून सुटत नाही.