पायथन ३ साठी डब्ल्यूएसजीआय कसं बदललं

२००३ च्या सुमारास पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फ्रेमवर्क (वेब ॲप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा) निवडलं की सर्व्हरचे पर्यायही आपोआप आकसत. क्विक्सोट, वेबवेअर, ट्विस्टेड वेब, प्रत्येकाची चूल वेगळी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिलिप जे. एबी यांनी पेप ३३३ मांडला. पेप म्हणजे पायथनमधला औपचारिक प्रस्ताव; या प्रस्तावातला सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांच्यातला करार म्हणजेच डब्ल्यूएसजीआय. करार छोटासाच होता. सर्व्हरने ॲप्लिकेशनला बोलवायचं, सोबत विनंतीची माहिती असलेली डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या) आणि स्टेटस-हेडर, म्हणजे उत्तराची स्थिती आणि त्याबद्दलची माहिती, कळवण्यासाठी एक फंक्शन द्यायचं. ॲप्लिकेशनने उत्तराचे तुकडे परत करायचे. एवढ्यावर कुठलंही फ्रेमवर्क कुठल्याही सर्व्हरवर चालू लागलं.

हा करार 'स्ट्रिंग' या एका शब्दावर उभा होता. पायथन २ मध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइटच, त्यामुळे कुणाला अडचण आली नाही. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं आणि स्ट्रिंग म्हणजे युनिकोड अक्षरं झाली; बाइटचा प्रकार वेगळा पडला. नेटवर्कवरून मात्र येतात बाइटच. मग डिक्शनरीतला पाथ, म्हणजे वेब पत्त्यातला मार्ग, बाइट ठेवायचा की अक्षरं? अक्षरं करायची तर कुठल्या एन्कोडिंगने, म्हणजे बाइट आणि अक्षरं यांची सांगड घालणाऱ्या कुठल्या नियमाने? सर्व्हरला ते ठाऊक नसतं.

सगळीकडे बाइटच ठेवा, असा एक विचार होता. २०१० मधला 'वेब३' नावाचा प्रस्ताव, पेप ४४४, त्याच बाजूचा. तो तर्काला धरून होता, पण मान्य झाला असता तर जुना बराचसा कोड नव्याने लिहावा लागला असता.

सप्टेंबर २०१० मध्ये एबी यांनी पेप ३३३३ आणला. विनंतीचा आणि उत्तराचा मजकूर बाइटमध्ये. हेडर, स्टेटस आणि पाथ त्या-त्या आवृत्तीच्या मूळ स्ट्रिंगमध्ये. पायथन ३ मध्ये अट एवढीच, की त्या स्ट्रिंगमध्ये लॅटिन-१ या एन्कोडिंगमध्ये बसणारीच अक्षरं असावीत. लॅटिन-१ का? कारण त्यात २५६ पैकी प्रत्येक बाइटला त्याच क्रमांकाचं एक अक्षर आहे. काहीच हरवत नाही.

पत्त्यात 'म' आला असं धरा. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. डिक्शनरीत 'म' दिसत नाही, त्याजागी तीन परकी चिन्हं दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मजकूर बिघडला. पण ती स्ट्रिंग लॅटिन-१ ने पुन्हा बाइटमध्ये नेली आणि यूटीएफ-८ ने वाचली की 'म' जसाच्या तसा हाती येतो. मला ही तडजोड मनापासून पटते. दिसायला ती ओबडधोबड आहे, पण एन्कोडिंगचा निर्णय ती ॲप्लिकेशनवर सोडते, आणि तो घेण्याइतकी माहिती ॲप्लिकेशनकडेच असते.

कराराचा आवृत्ती क्रमांक १.० च राहिला. पायथन २ वरचं नियमात बसणारं ॲप्लिकेशन नव्या मसुद्यातही बसत होतं, म्हणून तो वाढवायची गरज पडली नाही. फेब्रुवारी २०११ च्या पायथन ३.२ मध्ये डब्ल्यूएसजीआयरेफ हे पायथनसोबतच येणारं डब्ल्यूएसजीआयचं मॉड्यूल पेप ३३३३ प्रमाणे झालं. जँगो या फ्रेमवर्कच्या १.५ आवृत्तीने पायथन ३ ला प्रायोगिक आधार दिला तो २०१३ मध्ये, आणि फ्लास्क हे फ्रेमवर्कही त्याच वर्षी पायथन ३ वर आलं.