पाववाल्याची सायकल आणि ऑलिम्पिकचा उतार

गेल्या गणपतीत आरती आटोपून ओटीवर बसलो होतो, तेव्हा नात्यातल्या एका काकांनी विचारलं, "आमचा धाकटा म्हणतो, माउंटन बाइकचा रेसर होणार. सायकल चालवून पोट भरता काय रे?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र रास्त होता. हा खेळ आला कुठून, त्यात पोट कसं भरतं आणि आपल्याकडे ते का भरत नाही, हे नंतर जरा मुळापासून पाहिलं.

कोकणात सायकल आली ती ओझं वाहायला. भोंपू वाजवत येणारा पाववाला, पोस्टमन, मागच्या कॅरिअरला बर्फाची पेटी बांधलेला कांडीवाला. काळी, जड, सळ्यांच्या ब्रेकची सायकल. पोरं तीच तासाच्या भाड्याने घ्यायची, मधल्या दांडीखालून पाय घालून अर्ध्या पायडलने शिकायची आणि शिकली की थेट सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाली. पावसात सळीचा ब्रेक लागायचाच नाही, मग चप्पल मागच्या चाकावर दाबायची. "झिला, पुढचो ब्रेक दाबू नको," हा उपदेश प्रत्येकाने ऐकलेला. त्या सायकलींसाठी तो बरोबरच होता, कारण पुढचं चाक अडकलं की स्वार गडग्यापलीकडे. आजच्या माउंटन बाइकवर नेमकं उलट शिकावं लागतं. उतारावर वजन पुढे सरकतं, म्हणून वेग मारण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो.

हा खेळही असल्याच भंगारातून जन्माला आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात 1970च्या दशकात काही पोरं 1930-40च्या सुमाराच्या जाड टायरच्या जुन्या सायकली गोळा करून डोंगरावरून खाली सोडायची. त्या सायकली मुळात पेपर टाकणाऱ्या मुलांसाठी बनलेल्या, म्हणजे तिकडच्या पाववाल्याच्याच म्हणा ना. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असायचा. 3 किलोमीटरहून थोडा जास्त आणि सुमारे 400 मीटरचा उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर ग्रीस पुन्हा भरायचं, म्हणजे रीपॅक करायचं. म्हणून उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे पहिली शर्यत झाली. ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता.

इथवर त्यांच्यात आणि आपल्यात काडीचा फरक नाही. फरक पडला तो त्या पोरांतल्या चार्ली केलीमुळे. त्याने घड्याळं लावली आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहून ठेवली. वेळ लिहिली की मागचा पुढच्याला गाठायला बघतो, त्यासाठी सायकल सुधारतो. 1977मध्ये त्याच टोळीतल्या जो ब्रीझने याच कामासाठी मुद्दाम नवी चौकट जोडून बनवली. गॅरी फिशरने त्या उताराचा 4 मिनिटं 22 सेकंदांचा विक्रम केला, पुढे त्याने आणि केलीने मिळून अशा सायकलींचा धंदाच काढला. 1981मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीची 'स्टंपजंपर' कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली. 1990मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. ग्रीस जळण्यापासून ऑलिम्पिक पदकापर्यंत वीस वर्षं. तेवढ्या काळात आमच्याकडे भाड्याच्या सायकलीचा दर वाढला, बस्स.

आता पोटाचा प्रश्न. व्यावसायिक रेसर बक्षिसांवर जगत नाही. त्याला सायकल कंपनीचा किंवा प्रायोजकाचा संघ पगारावर ठेवतो आणि सोबत मेकॅनिक, मालिशवाला, प्रवासखर्च देतो. ऑलिम्पिकमधला प्रकार क्रॉस-कंट्री. साधारण 4 ते 6 किलोमीटरच्या वाटेवर फेऱ्या मारायच्या, सगळं मिळून सुमारे दीड तास. शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहण्याची जागा आधी कमावलेल्या गुणांवर ठरते. गुण नसतील तर मागच्या रांगेत. पहिल्या अरुंद वाटेत शिरताना तिथे बैलगाड्यांसारखी कोंडी होते आणि पुढचे तोवर दिसेनासे होतात. म्हणून गुणांसाठी वर्षानुवर्षं छोट्या शर्यतींमागे फिरावं लागतं. सरावही डोंगरातच होतो असं नाही, बरेच तास साध्या डांबरी रस्त्यावर जातात.

ही शिडी कशी चढतात ते नीनो शुर्टरकडे पाहून कळतं. स्वित्झर्लंडच्या टर्सनाउस नावाच्या अगदी लहान डोंगरी गावातला हा मुलगा. 2004मध्ये ज्युनिअर जगज्जेता, 2006 आणि 2008मध्ये तेवीस वर्षांखालचा, 2009मध्ये खुल्या गटातला. खुल्या गटात त्याने एकूण 10 जागतिक विजेतेपदं मिळवली. ऑलिम्पिकमध्ये 2008ला कांस्य, 2012ला रौप्य, 2016ला सुवर्ण, म्हणजे एकेक पायरी चढत गेला. 2012ला लंडनमध्ये तर सुवर्ण शेवटच्या वळणांवर, अवघ्या एका सेकंदाने चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीकडे गेलं होतं. 2025मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

त्याचा संघ चालवणारा थॉमस फ्रिशक्नेश्ट स्वतः जुना रेसर, अटलांटाचा रौप्यविजेता. 1996च्या जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला होता. पहिल्या आलेल्या फ्रान्सच्या जेरोम शियोटीने 2000मध्ये आपण होऊन कबूल केलं की आपण ईपीओ हे बंदी असलेलं औषध घेतलं होतं, आणि पदक फ्रिशक्नेश्टला दिलं. कोणत्या चाचणीत तो पकडला गेला नव्हता. मला या खेळाच्या इतिहासातली ही सगळ्यात अवघड उडी वाटते.

काकांचा पुढचा प्रश्न होता, "पण आपल्याकडे हिमालय खंय?" हा गैरसमज सार्वत्रिक आहे. लंडन ऑलिम्पिकची वाट हॅडली फार्म इथे होती, थेम्सच्या खाडीकाठी, जेमतेम 70 मीटर चढउताराची. पॅरिसला 2024मध्ये टॉम पिडकॉक आणि पॉलिन फेराँ-प्रेव्हो यांनी सुवर्ण मिळवलं ती एलाँकूरची टेकडी 231 मीटरची. जुनी दगडखाण भराव टाकून बुजवली, त्यातून ती उभी राहिली. खाडीकाठ आणि बुजवलेली खाण! आमच्याकडे याहून वेगळं काय आहे? सागरी महामार्गावर दर खाडीला समुद्रसपाटीवर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सडा चढायचा. जांभ्याचे उघडे कातळ, चिरेखाणींच्या कडा, पाखाड्या. दिवाळीनंतर वाटेवर सुटे लाल खडे असे पसरतात की चाकाखाली छर्रे ठेवल्यासारखं वाटतं. पावसाळ्याचे चार महिने मात्र शेवाळामुळे कातळावर चालणंसुद्धा धोक्याचं. आणि सड्यावर वाट आखणाऱ्याने आधी खाली बघावं. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022मध्ये गेलेली कातळशिल्पं तिथेच आहेत, त्यांच्यावरून टायर जायला नकोत.

तर उतार आहे, शिडी नाही. महाराष्ट्राला सायकल शर्यतीचं वेड नाही असंही म्हणता येत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि दापोली, चिपळूण, रत्नागिरीत आता सायकलवाल्यांचे गट आहेत. पण ते रस्त्याचं वेड. डोंगरी सायकलिंगची मोठी वर्दळ आधी हिमाचलमध्ये झाली. मग 2023च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धा केरळात, तिरुवनंतपुरमजवळ पोनमुडीला झाली, म्हणजे सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला. ऑलिम्पिकच्या या प्रकारात अजून एकही भारतीय उतरलेला नाही. भारतातल्या चांगल्या रेसरचा आधार बहुतेक वेळा सेनादल किंवा रेल्वेची नोकरी हाच असतो.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, धाकट्याने बंद पडलेल्या चिरेखाणीच्या कडेने एक फेरी आखली आहे, चार पोरं मोबाइलवर वेळ लावतात, काकीच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. फक्त एका वळणावर फणसाची फांदी आडवी येते. ती तोडायची की वाट वळवायची, यावरून सध्या घरात वाद चालू आहे.