जहाल तिखटाची पैज: मराठवाड्यातल्या लेकरांपर्यंत ती कशी पोचली

लाल-काळ्या पाकिटातली एकच चिप किंवा कोरियन नूडल्सचा वाडगा समोर असतो, मोबाइल उभा केलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, "आपण मराठवाड्याचे, आपल्याला तिखटाचं काय?" चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या तोंडी हे वाक्य सहज येतं. त्याला घरचा आधार आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. आपल्या घरातलं तिखट आणि त्या पाकिटातलं तिखट यांचा इतिहास वेगळा आहे. तो माहीत नसला की ताटातल्या ठेच्याच्या भरवशावर पोरं भलत्याच गोष्टीला हात घालतात.

मिरची मुळात आपली नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तिथून हळूहळू आत सरकली. तेराव्या शतकात पैठणजवळच्या आपेगावात ज्ञानेश्वर जन्मले, तेव्हा इथल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरे, पिंपळी, सुंठ, आलं होतं, मिरची नव्हती. ती आली आणि इथल्या कोरडवाहू मुलखात घट्ट रुजली. ज्वारीची भाकर रोजची, पण तिच्यासोबतचं कोरड्यास रोज मिळेलच असं नव्हतं. माळवं नसेल त्या दिवशी मिरची-मीठ, शेंगदाण्याची चटणी, नाहीतर लसूण घालून गरम तेलात परतलेला भुरका. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरीवर दिवस काढलेल्या माणसांना विचारावं, घास घशाखाली उतरवायला तिखटाचा किती आधार असायचा. ते तिखट गरजेतून आलेलं होतं. येसर असो, काळा मसाला असो की ठेचा, त्यात तेल असायचं, शेंगदाणे किंवा डाळ असायची आणि सोबत भाकरीचा चांगला मोठा तुकडा. नुसतं तिखट कुणी खात नव्हतं.

आजही धर्माबादची लाल मिरचीची बाजारपेठ आणि भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार आपल्या भागात नावाजलेले आहेत. या पिकावर कितीतरी घरांचे संसार चालतात. मिरचीला दोष देण्याचा इथे अजिबात हेतू नाही.

लेकरांना तिखटाची सवय कशी लागते, यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका गावात अभ्यास केला. तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते आपल्याकडच्या कोणत्याही आजीला पटेल. मुलांवर तिखटाची सक्ती होत नाही. मोठी माणसं खाताना ती बघतात, थोडं थोडं चाखतात आणि काही वर्षांत त्यांना ते आवडायला लागतं. आपल्याकडेही आधी वरणभात, मग दह्यात कालवलेली चटणी, मग भाकरीच्या कोपऱ्याला टेकवलेला ठेचा असाच क्रम असतो. पोरगं "हाय हाय" करायला लागलं की आई तूप वाढते किंवा ताक पुढे करते. थांबायची मुभा त्या शिकण्यातच असते.

पैजाही आपल्याकडे जुन्याच. जत्रेत जिलेब्यांची पैज लागायची, शेतावर हुरडा खाताना कोण किती मिरच्या खातो याची लागायची. त्या काही अगदी निर्धोक होत्या असं मी म्हणणार नाही. पण मिरची शेतातलीच होती आणि भोवती चार जाणती माणसं असायची. पोराचा चेहरा बदलला की कुणीतरी हात धरायचं.

बदल सुरू झाला तो तिखटपणा आकड्यात मोजता येऊ लागल्यावर. १९१२ मध्ये डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीतले विल्बर स्कोव्हिल यांनी एक पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासं होईपर्यंत किती पातळ करावा लागला ते मोजायचं. काम औषधाच्या उपयोगाचं होतं. पण आकडा आला की त्याच्यापुढे जाण्याची ओढ लागतेच, आणि पुढच्या काळात मिरची पिकवणाऱ्यांमध्ये सर्वांत तिखट वाणाची शर्यत लागली. गुंटूरची सन्नम मिरची या मोजणीत साधारण ३५ ते ४० हजार स्कोव्हिलची असते आणि ती आपल्याला पुरेशी तिखट लागते. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाने २००७ मध्ये दहा लाखांच्या वर जाऊन गिनीज विक्रम केला. २०१३ मध्ये अमेरिकेतली कॅरोलिना रीपर पंधरा लाखांवर गेली. २०२३ मध्ये तिच्याच निर्मात्याची पेपर एक्स २६ लाख ९३ हजारांवर पोचली. म्हणजे आपण जिला तिखट म्हणतो तिच्या सत्तरेक पट. काही सॉसमध्ये तर मिरचीही नसते, तिचा काढलेला अर्क असतो. ठेचा खायच्या सरावाचा इथे काहीच संबंध उरत नाही.

ही ताकद काय करू शकते, हे माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोच्या एका चित्र-हस्तलिखितात, कोडेक्स मेंडोझात, अकरा वर्षांच्या मुलाला शिक्षा म्हणून मिरच्यांच्या धुरावर धरलेलं दाखवलंय. आसामात हत्ती शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणाला जहाल मिरची फासतात. २०१० मध्ये आपल्या संरक्षण संशोधकांनी भूत जोलोकिया वापरून जमाव पांगवण्याचे हातगोळे करण्याचं जाहीर केलं होतं. शिक्षेला आणि जमाव पांगवायला जी वस्तू चालते, ती पोरांच्या खेळात कशी आली, हा प्रश्न मला सोडत नाही.

ती आली मोबाइलवरून. दक्षिण कोरियाच्या सामयांग कंपनीचे बुलडाक नूडल्स २०१२ चे. दोनेक वर्षांत ते खाऊन दाखवण्याचे व्हिडिओ जगभर फिरले. २०१६ मध्ये अमेरिकेत पाकी या कंपनीने शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात एकच चिप विकायला सुरुवात केली. खायची आणि कितीही जळालं तरी जास्तीत जास्त वेळ काही खायचं-प्यायचं नाही, हाच खेळ. त्याच २०१६ च्या सप्टेंबरात भारतात जिओ आलं आणि खेड्यापाड्यात व्हिडिओ बघणं स्वस्त झालं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात रील्स आले. भूत जोलोकिया लावलेली एकेकटी चिप आपल्याकडेही ऑनलाइन मिळू लागली. आता ती लातूर-नांदेडच्या शिकवणीच्या गल्ल्यांमध्ये घरपोच मागवता येते, जिथे हजारो लेकरं घरापासून दूर, वसतिगृहात किंवा खोली करून राहतात. हात धरणारं जाणतं माणूस तिथे बहुधा नसतं. असतात बरोबरीची पोरं, आणि त्यांच्यासमोर माघार घेणं त्या वयात फार जड जातं.

१ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चौदा वर्षांच्या एका मुलाने पाकीची ती चिप खाल्ली आणि त्याच दिवशी तो गेला. कंपनीने आठवडाभरातच माल दुकानांतून काढून घेतला. पाकिटावर "फक्त प्रौढांसाठी" असं छापलेलं होतंच. २०२४ मध्ये शवविच्छेदनाचा निष्कर्ष बाहेर आला: भरपूर कॅप्सायसिन (मिरचीला तिखट करणारं द्रव्य) असलेला पदार्थ खाल्ल्यानंतर हृदय आणि श्वास बंद पडले. त्याचं हृदय वाढलेलं होतं आणि एका रक्तवाहिनीत जन्मजात दोष होता. आपल्या किती लेकरांच्या हृदयाची तपासणी झालेली असते? दोष आहे की नाही हे घरी कुणालाच माहीत नसतं.

जुलै २०२४ मध्ये टोकियोतल्या एका शाळेत मुलांनी अशाच चिप्स वाटून खाल्ल्या आणि चौदा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच्या महिनाभर आधी डेन्मार्कने कॅप्सायसिनचं प्रमाण धोकादायक ठरवून बुलडाकचे तीन प्रकार बाजारातून काढायला लावले. पुढे दोन परत आले, सर्वांत तिखट मात्र बंदच राहिला. जर्मनीतही काही राज्यांनी एका चिपच्या पाकिटांची विक्री थांबवली.

शरीरात होतं ते असं. कॅप्सायसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहकाला, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. एरवी तो ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेने जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. मेंदूला वाटतं खरंच भाजलंय. घाम फुटतो, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, पोट उलटतं. मात्रा अफाट असली की पुढचं अवघड होतं. रीपर खाल्लेल्या एका माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन डोक्यात असह्य कळ आल्याची नोंद २०१८ ची आहे. भूत जोलोकियानंतर झालेल्या जोरदार उलट्यांनी एकाची अन्ननलिका फाटल्याची नोंद २०१६ ची. दोघंही प्रौढ होते. लेकरांचं वजन कमी असतं, त्यामुळे तेवढाच तुकडा त्यांना जास्त भारी पडतो. दमा असेल तर श्वासाचा धोका वेगळाच.

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून पाणी पिऊन आग पसरल्यासारखी वाटते आणि दूध, दही, तूप-भात यांनी उतार पडतो. आईने पुढे केलेल्या ताटलीत हेच असायचं, आणि पैजेच्या नियमात नेमकी यालाच मनाई आहे. कुणी असं काही खाल्लंच असेल तर पैज तिथेच मोडून दूध-दही द्यावं, हात साबणाने धुवावेत, डोळ्यांना लावू देऊ नयेत आणि मुद्दाम उलटी काढू नये. छातीत दुखणं, धाप, न थांबणाऱ्या उलट्या, उलटीत रक्त, अचानक आलेली जबर डोकेदुखी किंवा चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करावा. रिकामं पाकीट सोबत न्यावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगावं. रागावणं नंतर करता येतं. घरचे ओरडतील या भीतीने पोरं लपवतात, आणि त्यात हातचा वेळ जातो.